तबकडीमागचं कुंकू

मधुकरने मला फसवलं. मधुकर म्हणजे माझा जुना भागीदार; लग्नात लाउडस्पीकर लावायचा धंदा आम्ही दहा-बारा वर्षं जोडीने केला. आमच्या गाण्यांच्या तबकड्या उन्हाने वाकल्या, फेकून द्याव्या लागल्या, असं त्याने मला तोंडावर सांगितलं आणि त्या सगळ्या स्वतःकडे ठेवल्या. हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की वैशाख लागला, म्हाताऱ्याला जुनी गाणी आठवली आणि तो हळवा होऊन बसला. मी हळवा झालेलो नाही. मला राग आलेला आहे.

वैशाख लागला हे मात्र खरं. आमच्या सिंदीत सकाळी नऊलाच टिनाच्या दाराला हात लावता येत नाही. दुपारी कुत्री नालीत उतरून बसतात. आणि याच दिवसांत, जेव्हा शहाण्या माणसाने घराबाहेर पडू नये, तेव्हा आमच्याकडे लग्नं होतात. शेतं रिकामी असतात, कापूस विकला गेलेला असतो, आंबा उतरलेला असतो. पन्नास वर्षं मी या उन्हावर जगलो आहे. सायकलच्या कॅरिअरला मशीन आणि हँडलला भोंगा बांधून मी सुरुवात केली. आज माझं बिछायत केंद्र आहे, तीन मांडव एकाच दिवशी उभे करू शकतो. कुणी मला हाताला धरून वर आणलं नाही. म्हणून कुणी काही द्यायला लागलं की मी आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडे बघतो.

या वर्षीच्या वैशाखात मांडव माझ्याच दारात पडणार आहे. गौरीचं, माझ्या नातीचं लग्न आहे. आणि मधुकरने ठेवून घेतलेल्या तबकड्यांतली एक मला या लग्नासाठी हवी आहे. वाजवायला नको. दाखवायला हवी आहे. कुणाला, ते येईलच पुढे.

गौरी पुण्याला नोकरी करते. महिनाभरापूर्वी ती सुट्टीवर आली ती हातात एक पेटी घेऊन. मला वाटलं शिलाई मशीन. उघडली तर आत तबकडी वाजवायचं यंत्र. रंग आकाशी, कड्या पितळेच्या, स्पीकर जेवणाच्या डब्यापेक्षा लहान.

"आबाजी, आता सगळे परत रेकॉर्डच ऐकतात," ती म्हणाली. "मोबाईलवरचं गाणं सपाट वाटतं. यात आवाज कसा उबदार येतो."

उबदार! सेहेचाळीस डिग्रीत मला उबदार आवाज ऐकवायला निघाली होती.

"ही नवीन तबकडी कुठून आली?" मी विचारलं. तिच्याकडे एक जाडजूड, चकचकीत तबकडी होती, वेष्टण अजून फाडलेलं नव्हतं.

"नवीनच काढतात आता, जुन्या गाण्यांच्या."

"काढतात कशावरून? जुना साचा हाये का त्यायच्यापाशी?"

तिने मोबाईलमध्ये शोधलं, आणि जरा खालच्या आवाजात सांगितलं की कॉम्प्युटरमधल्या फाईलवरून काढतात. म्हणजे जे गाणं तिच्या मोबाईलमध्ये फुकट होतं तेच प्लास्टिकमध्ये ओतून तिला परत विकलं होतं, आणि वर उबेचे पैसे लावले होते. मी तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, "आबाजी, तुम्हाला ना कशावरच विश्वास नाही." हे बरोबर आहे.

पण खोटं का सांगू? तिने तबकडीवर सुई ठेवली आणि गाणं सुरू व्हायच्या आधी जी बारीक खरखर येते ती आली. कढईत तेल तापायला लागतं तशी. त्या खरखरीत माझ्या नाकाला ओल्या पोत्याचा वास आला.

ते पोतं कशाला, ते सांगतो. तबकडी म्हणजे उन्हाची वैरी. मांडवात तासभर उघडी राहिली तर तिच्या कडा वर येतात, आणि मग गाणारा माणूस रडल्यासारखा गातो. आम्ही लग्नघरी पोचलो की मधुकर आधी पाण्याचे माठ कुठे आहेत ते बघायचा. माठाखालच्या ओल्या रेतीवर एक पाट, त्यावर पोतं, पोत्यावर कागद, कागदावर तबकड्या, वर दुसरा पाट आणि त्यावर वरवंटा. पाणी घ्यायला येणाऱ्या बाया अडखळायच्या आणि आमच्या आयाबहिणींचा उद्धार करायच्या. मधुकर हात जोडायचा. "माय, गाणं झोपलं हाये खाली, पाय नको लावू." बाया हसायच्या. त्याच्या हातात कसब होतं, हे मी नाकारत नाही. सुई उड्या मारायला लागली की तो तिच्या मुंडीवर नेमकं किती वजनाचं नाणं ठेवायचं ते न बघता ठेवायचा. मशीनचं काम त्याचं होतं. तोंड माझं होतं.

आणि माझं तोंड चालायचं. नवरीच्या बापाला भोंगा रस्त्याकडे तोंड करून हवा असतो, म्हणजे गावाला कळावं. नवऱ्याकडच्यांना तो जानोशाकडे, म्हणजे जिथे त्यांचं वऱ्हाड उतरलं आहे तिकडे हवा असतो. मी दोघांनाही स्वतंत्रपणे सांगायचो की भोंगा तुमच्याचकडे आहे, वारा उलटा आहे. पंगत बसली की मी यजमानाला बाजूला घ्यायचो. "जलद गाणी लावू का? लोकं लवकर जेवून उठतात." खरंच उठायचे की नाही देव जाणे, पण यजमानाला वाटायचं की उठले. अशा गोष्टींवर धंदा उभा राहतो. कोणाचं नुकसान झालं त्यात?

कुंकवाची रीतही अशीच माझ्या तोंडातून निघाली. एका लग्नात पाठवणीच्या वेळी नवरीची आई ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. जावयाला ओवाळलं, बंडीच्या बैलांना कुंकू लावलं, आणि डोळे भरलेले असल्यामुळे म्हणा की हात थांबेना म्हणून म्हणा, ती तशीच आमच्या मशीनकडे वळली आणि नुकत्याच थांबलेल्या तबकडीच्या मधल्या कागदावर तिने बोट टेकवलं. लोक हसले. मी हसलो नाही. मी हात जोडले. पुढच्या लग्नात मी नवरीच्या आईला सांगितलं की पाठवणीचं गाणं संपलं की तबकडीला कुंकू लावावं लागतं. नाही लावलं तर सुई अटकते, आणि एका गावी अशी अटकली तर दोन कोसांवर नवरीच्या बंडीचं चाक निखळलं. कोणतं गाव, ते मी ज्याच्या-त्याच्या गावापासून लांबचं सांगायचो.

दोन हंगामांत रीत झाली. सिंदीपासून हिंगणीपर्यंत, मधल्या सगळ्या गावांत, पाठवणीचं गाणं म्हणजे पुंडलिक-मधुकरचं. दुसऱ्याचा सेट स्वस्त मिळाला तरी बाया विचारायच्या, "त्याच्या रेकॉर्डीले टिक्का हाये का?" पाठवणीच्या आमच्याकडे चार तबकड्या होत्या. चौघींच्याही मधला कागद लाल-पिवळा होऊन गेला होता, गाण्याचं नाव वाचता येत नव्हतं. प्रत्येक ठिपका एका आईचा. आणि ठिपके कसेही, कुठेही पडलेले. कारण तबकडी थांबते ती तिच्या मनाने, आणि आई बोट टेकवते ते समोर येईल तिथे. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तर गौरीने दुसऱ्या दिवशी मला एक पार्सल दिलं. "तुमच्यासाठी. सरप्राईज." ऑनलाईन मागवलं होतं. आत जुनी तबकडी, पाठवणीच्या गाण्याची. मधल्या कागदावर कुंकवाचे ठिपके. सोबत छापील कार्ड: विदर्भातल्या लग्नात वाजलेली अस्सल तबकडी, आयांच्या बोटांच्या खुणांसह.

मी चष्मा लावला. अंगणात उजेडात नेली. अकरा ठिपके होते, घड्याळाच्या आकड्यांसारखे गोल मांडलेले. एकही दुसऱ्यावर चढलेला नाही. कुंकू जुनं झालं की तपकिरी पडतं, हळदीचा पिवळा उडून जातो. हा लाल होता, पाटीवर रंगवतात तसा. मी नख लावलं. पापुद्रा निघाला. ऑइल पेंट.

"काय झालं आबाजी? आवडली नाही?"

"कोणाकडून घेतली?"

तिने पार्सलचा कागद उलटा केला. पत्ता वर्ध्याचा होता.

ज्या रीतीला मी जन्म दिला ती रीत माहीत असलेला, आणि ती मोडून विकण्याइतका निर्लज्ज, असा वर्ध्यात एकच माणूस होता. पण त्या दिवशी मी गेलो नाही. जाण्याचं कारण दोन दिवसांनी घडलं.

रविवारी आम्ही घरचेच बसलो होतो, कुणी काय करायचं ते ठरवायला. कूलर समोर, रसाच्या वाट्या हातात. गौरीच्या डोक्यात ती तबकडी बसली होती. तिला मी अजून ऑइल पेंटचं सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "पाठवणीला आबाजींची जुनी पद्धत करायची. गाणं रेकॉर्डवरच वाजणार. आणि मग आई कुंकू लावणार."

तिची आई म्हणजे माझी सून, सुनंदा. माझा मुलगा जाऊन आठ वर्षं झाली. सुनंदा सेवाग्रामला दवाखान्यात नर्स आहे. रोज सकाळची गाडी पकडते, संध्याकाळी परत येते, आणि तिने एकटीने पोरीला इंजिनीअर केलं. माझ्याकडे मागितलं काही नाही. मी द्यायला गेलो तर म्हणायची, "बाबाजी, लागेल तेव्हा सांगीन."

माझी बायको कमल म्हणाली, "मी आजी हाये नं. मी लावीन."

"आई आहे ना पण!"

"गौरी, आजी लावतील," सुनंदा म्हणाली. ती आंब्याच्या कोयी ताटात गोळा करत होती. "मी मागं थांबीन. इतके लोक येतील, उगाच कोणाच्या तोंडाले विषय नको."

"म्हणजे दिवसभर लोकांना इंजेक्शन देणारा हात चालतो, आणि माझ्या लग्नात..."

"रीत आहे," सुनंदा म्हणाली.

रीत. जी रीत मी एका दुपारी थाप मारून सुरू केली होती, ती आता माझ्याच घरात माझ्याच सुनेला मागे उभं करत होती. तेव्हा मी ते सांगितलं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

माझी बहीण शकू. तिचं लग्न हिंगणीला, आमच्या घरी झालं, असंच वैशाखात. आमचे वडील त्याआधीच गेले होते. भावाच्या हातचा सेट म्हणून मी आणि मधुकर सकाळपासून राबत होतो. आई दिवसभर मागच्या अंगणात, चुलीपाशी. मांडवात आली नाही. मंगलाष्टकं तिने धुरातून ऐकली. पाठवणीचं गाणं लागलं, काकूने ओवाळलं, काकूने कुंकू लावलं, वऱ्हाडाचा ट्रक धूळ उडवत बोरीच्या रस्त्याला लागला. गाव पांगलं. मांडवात पळसाच्या पत्रावळी वाऱ्याने सरकत होत्या आणि आम्ही वायर गुंडाळत होतो.

आई मागच्या दाराने आली. हात ओले. तिने मशीनकडे बघितलं, मग आमच्याकडे. मधुकर तबकडी काढून पाकिटात घालणार होता.

"पलटव रे बाप्पा ते," ती त्याला म्हणाली.

त्याला कळलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याने तबकडी उलटी केली, मागची बाजू वर. ओवाळणीचं ताट तिथेच कलंडलं होतं. आईने अनामिकेने कुंकू घेतलं, त्या कोऱ्या कागदावर टेकवलं, एकदाच, घट्ट, आणि बोट लगेच लुगड्याला पुसलं.

"कोनाले सांगजो नको," ती म्हणाली, आणि भांडी घासायला गेली.

त्यानंतर आम्ही त्या तबकडीची मागची बाजू कधी वाजवली नाही. तसं ठरवलं नव्हतं. मधुकर ती मशीनवर ठेवायचा तेव्हा मागच्या बाजूला तळहात लागू नये म्हणून कडेनेच धरायचा. मी बघत होतो.

एवढं सगळं मी कूलरसमोर सांगितलं. आणि माझी बायको काय म्हणाली असेल?

"इतके वर्सं संसार केला, मले नाई सांगतलं. अन् आज बरं आठवलं तुमाले! माह्या मायलेबी तुमीच सांगतलं होतं नं, सुई अटकते म्हून? स्वतःच्या लग्नात, स्वतःच्या सासूले!"

सगळे हसले. गौरीसुद्धा. मीही रागाने वाटी आपटली, तर आणखी हसले. माझ्या रागावरही आमच्याकडे कुणाचा विश्वास नाही. फक्त सुनंदा हसली नाही. ती ताट घेऊन उठली, माझ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "बाबाजी, माझ्यासाठी तुम्ही एवढं रचून सांगितलं, तेच पुष्कळ झालं."

मला आयुष्यात खूप लोकांनी खोटारडा म्हटलं आहे. व्यापाऱ्यांनी म्हटलं, सोयऱ्यांनी म्हटलं, मी त्यांना दुप्पट ऐकवलं आहे. हिने मला खोटारडा म्हटलं आणि वर आभार मानले.

सोमवारी मी वर्ध्याला गेलो.

आता ती तबकडी मधुकरकडे राहिलीच कशी, हेही सांगावं लागेल. कॅसेट आली आणि तबकड्यांचा जमाना संपला. आमचं पटेनासं झालं होतं, वाटणी केली. माझा एक नियम आहे, तो मी बैलबाजारात उभा राहून शिकलो: ज्या वस्तूवर जीव आहे तिच्याकडे बघायचं नाही. बघितलं की समोरचा ओळखतो आणि अडवून धरतो. त्या वाटणीत मला एकच गोष्ट हवी होती, आणि म्हणून मी तिच्याकडे पाठ करून बसलो. जनरेटरसाठी भांडलो. कनातींसाठी भांडलो. भोंग्यांसाठी तर अंगावर गेलो. सगळं मिळवलं. शेवटी, उठता उठता, जसं काही आत्ताच सुचलं, असं म्हणालो, "त्या तबकड्या राहू दे तुझ्यापाशी. एखादी-दुसरी दे मले, पोरायले खेळाले." तो म्हणाला, "ने नं कवाबी."

मी दोन महिने गेलो नाही. लगेच गेलो असतो तर त्याला कळलं असतं. मग तोच आला, गमछा तोंडावरून फिरवत. "काय सांगू पुंडलिकभाऊ, टिनाखाली राह्यल्या. पापडं झाले पापडं. फेकून देल्ल्या." उन्हाने तबकडी वाकते हे मी डोळ्यांनी हजार वेळा बघितलं होतं. म्हणून मला शंका आली नाही. जगातल्या प्रत्येक माणसावर शंका घेणारा मी, एका उन्हावर विश्वास ठेवला.

वर्ध्याचं दुकान पहिल्या मजल्यावर आहे. एसी. लाकडी खोक्यांत तबकड्या उभ्या लावलेल्या, भिंतीवर आमच्यासारख्याच एका भोंग्यात दिवा बसवलेला. चष्मेवाला एक माणूस खोक्यातल्या तबकड्या एकेक करून चाळत होता, धान्याला बोट लावून बघतात तसा. गादीवर मधुकर बसला होता. खादीचा कुर्ता, पांढरी दाढी. ती दाढी त्याने दुकानासाठीच वाढवली असणार.

"या पुंडलिकभाऊ," तो म्हणाला. जसा मी कालच येऊन गेलो होतो. "चहा घेता का कॉफी?"

"तबकड्या वाकल्या होत्या नं बे?"

"वाकल्याच होत्या."

"मंग ह्या काय हायेत?"

"सरळ केल्या. दोन काचायमधे दाबून उन्हात ठेवल्या. ज्या उन्हानं वाकते त्याच उन्हानं सरळ होते, हे तुलेबी माहीत होतं. तू पाहाले आला का?"

मी गौरीची तबकडी त्याच्यासमोर टाकली. "हे काय लावलं? अन् पहिलं कुंकू कुठं गेलं?"

"धुतलं," तो म्हणाला. लाज नाही, काही नाही. "तवाच्या गिऱ्हाइकाले साफ माल पाह्यजे होता. डाग पाहून नाक मुरडे. बसलो मंग बादली घेऊन, साबनाच्या पान्यानं घासल्या एकेक."

"अन् आता?"

"आता गिऱ्हाइकाले डाग पाह्यजे, त लावतो." तो हसला. "तू मले शिकवून राह्यला काय? तुनं त सुई अटकवली होती! चाक निखळलं म्हने! म्या कोनाच्या पोरीच्या बंडीचं चाक त नाई काढलं."

चष्मेवाला आमच्याकडे बघायला लागला. मी आवाज खाली आणला, जे मला जमत नाही.

"शकूच्या लग्नातली कुठं हाये?"

"मागं टिक्का असलेली?"

मी टिक्क्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. चारांपैकी कोणती, असं त्याने विचारलं नाही. कोणती शकू, असं विचारलं नाही. त्याच्या तोंडातून ते निघालं, आणि निघाल्याबरोबर त्याला कळलं. त्याने एक फडकं उचललं आणि समोरची एक स्वच्छ तबकडी पुसायला लागला.

"लक्षात नाई बाप्पा," तो म्हणाला. "लय वर्सं झाले."

"ते धुतली का नाई, एवढंच सांग."

"तुनं मांगतली होती का कदी? वाटनीच्या वक्ताले तू त जनरेटरच्या आंगावर हात फिरवत होता. पाह्यजे होती त तोंड नव्हतं तुले? साऱ्या जिल्ह्यात चालते तुयं तोंड."

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. चष्मेवाला काही न घेता निघून गेला. मधुकर तबकडी पुसत राहिला, गोल गोल, कडेने धरून.

परतीच्या गाडीत खिडकीतून झळा येत होत्या. रिकामी वावरं, शेताच्या कडेचे जळलेले धुरे, लांब एका गावात पांढरा-लाल मांडव. कोणाचा तरी डीजे वाजत होता. गाणं येत नव्हतं, नुसता छातीत ठोका येत होता. मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होतो आणि प्रत्येक वेळी एकाच जागी अडत होतो. मी मागितली नव्हती, हे त्याचं खरं आहे. पण त्याला मागावं लागावं असं त्यात काय होतं? तबकडी कुणी पलटवली? आईने मला नाही सांगितलं, त्याला सांगितलं. ते बोट त्याने माझ्यापेक्षा जवळून बघितलं. साबणाच्या बादलीपाशी बसून त्याने एकेक तबकडी घासली असेल तेव्हा ती कधीतरी त्याच्या हातात आलीच असेल. समोरची बाजू धुतली असेल. मग पलटवली असेल. पुढे त्याने काय केलं, हे जगात त्याला एकट्याला माहीत आहे.

धुतली नसेल, अशीही शंका मला येते. धुतलं असेल तर माणूस सांगून टाकतो; इतर सगळं धुतलं म्हणून त्याने हसत सांगितलंच. तिच्यावर आल्यावर तो का हसला नाही? मग विकली असेल का? की घरी कुठेतरी दोन पाटांमध्ये ठेवून दिली आहे, आणि आता कबूल करायला लाज वाटते? की धुतली, आणि त्याचीच लाज वाटते? माझ्या शंकेला दोन्ही बाजूंनी वाट मिळते आणि मी घरात येरझाऱ्या घालतो. कमल म्हणते, "बसा एका जागी, कूलरचा वारा अडून राह्यला."

दारात बांबू येऊन पडले आहेत. सुनंदाने रजा टाकली आहे, आणि पाहुण्यांच्या यादीत सगळ्यात शेवटी, रसोईकडे बघणाऱ्यांत, स्वतःचं नाव लिहिलं आहे. मी ते वाचलं. मी काही बोललो तर ती परत माझे आभार मानेल.

तर मधुकर, हे मी तुझ्यासाठी लिहितोय. इथले पेपर, अंक तू वाचतोस हे मला माहीत आहे. दुकानात टेबलावर पडलेले असतात. तुझी ऑइल पेंटची दुकानदारी चालू ठेव. जनरेटर परत हवा असेल तर तोही ने, गंजला आहे. तबकडी असेल तर आण आणि नसेल तर हात हलवत ये. पण पाठवणीच्या आधी, उजेड असताना, माझ्या मांडवात ये. तिथे माझी सून चुलीपाशी उभी असेल. माझं तिला खरं वाटत नाही, वाटायचं कारणही मी ठेवलेलं नाही. तुझं वाटेल. तबकडी पलटवल्यावर तू काय बघितलंस ते तिला सांग. मग पुढे त्या कुंकवाचं काय केलंस, तेही सांग. मला नको सांगूस. तिच्याकडे बघून सांग.